भोईरांची क्रेन आणि माझा अंगठा

"सर, मग भोईरांना क्रेनवरून उतरवायचं ना?" एचआरच्या दळवी मॅडमनी विचारलं.

मी खुर्चीत मागे रेललो. "रिपोर्ट समोर आहे, मॅडम. माझ्या हातात काय आहे?"

मी बेलापूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. दिघ्याच्या या कंपनीने क्रेन ऑपरेटरांची रिअ‍ॅक्शन टाइम टेस्ट घ्यायला बोलावलं होतं. म्हणजे दिवा लागल्यावर माणूस बटण दाबायला किती वेळ घेतो, ते मोजायचं. कॉलेजचं मशीन बंद होतं, म्हणून मी स्टॉपवॉच नेलं; आपणच दिवा लावताना ते सुरू करायचं आणि समोरच्याने बटण दाबलेलं दिसलं की अंगठ्याने थांबवायचं. हाताने मोजण्यात हयात गेली, अशी फुशारकीही मारली. टेस्ट कशी घेतात ते दाखवायला पहिली मी घेतली. ती भोईरांची. बाकीच्या माझ्या सहकारी नेहा सामंतांनी घेतल्या, कारण प्लांट हेडनी मला चहाला बोलावलं आणि चहाला मी नाही म्हणत नाही.

भोईर सगळ्यांत मंद निघाले. दिवाळे गावचा माणूस, केस क्रेनवरच पिकलेले. आता त्यांना गोडाऊनमध्ये खोके लावायला बसवणार होते. ते एवढंच म्हणाले, "सर, परत एकदा घेनार का?"

"विज्ञानात हट्ट चालत नाही, भोईर," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझं आवडतं लेक्चर होतं, मानसशास्त्राच्या उगमाचं. तत्त्वज्ञ शतकानुशतकं मनावर वाद घालत होते. मन मोजता येणार नाही, असं त्यांतले बडे सांगत. मग इंग्लंडमधल्या एका वेधशाळेत भानगड झाली. दुर्बिणीतल्या रेघेवरून तारा सरकला की वेळ टिपायची. साहेब आणि असिस्टंट यांच्या वेळेत सेकंदाहून कमी फरक पडू लागला. साहेबाने असिस्टंटला काढून टाकलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की बघणं आणि टिपणं यांच्यामध्ये प्रत्येकाचा वेगळा वेळ जातो. तो वेळ मोजता मोजता मन तत्त्वज्ञांच्या हातून प्रयोगशाळेत आलं.

"गाढवपणा बघा," मी दरवर्षीप्रमाणे हसत म्हणालो, "साहेबाने स्वतःला तपासलंच नाही. स्वतःचंच घड्याळ..."

भोईरांना तेवढं मी मोजलं होतं, बाकीच्यांना नेहाने; मी खडू खाली ठेवला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पाणी देऊ?"

लेक्चर अर्धवट टाकून, नेहाला सोबत घेऊन मी रिक्षाने दिघा गाठलं. भोईरांच्या बदलीची ऑर्डर दळवी मॅडमच्या टेबलावर होती.

"सही झाली?"

"करतेच आहे."

"थांबा. आधी माझी टेस्ट घ्या."

भोईरांच्या खुर्चीत मी बसलो, स्टॉपवॉच नेहाने धरलं. दिवा लागला, मी बटण दाबलं. नेहाने आकडा वाचला आणि नंतर ती उगाच भिंतीकडे बघत बसली. मी भोईरांच्याही मागे होतो. मग तिने भोईरांची टेस्ट पुन्हा घेतली. ते बाकीच्यांच्या बरोबरीने पास. मंद होता तो स्टॉपवॉचवरचा माझा अंगठा. जीव भांड्यात पडला, अब्रू मात्र बाहेरच राहिली.

दळवी मॅडमनी ऑर्डर फाडली. "सर, फाइलला काय लिहू?"

"ऑपरेटर फिट. प्रोफेसर अनफिट."

भोईर मला गेटपर्यंत सोडायला आले. मी माफी मागितली.

"जाऊ द्या सर, होतं," ते म्हणाले. "फक्त तुमी क्रेनखाली उबे राहू नका. तुमाला हटायला टाइम लागल."

ते लेक्चर मी अजून घेतो. साहेबाच्या गाढवपणापाशी मात्र आता हसत नाही. दुसऱ्याला मोजण्याआधी आपला अंगठा मोजून घ्यावा, एवढंच मानसशास्त्र मी खात्रीने सांगू शकतो.