शिक्का नसलेली स्लिप

कुवेतचं युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. बहारीनला, नईममध्ये माझं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि जनाबियाच्या व्हिलांमधली बरीचशी गोरी गिऱ्हाइकं माझी होती. शुक्रवारी सकाळी हूऱ्यातल्या फ्लॅटवर बुद्धवंदना झाली की मी दहा वर्षांच्या मुलीला घेऊन कामावर जायचो. माझं इंग्रजी गॅस, फिल्टर, कॉम्प्रेसर यापुढं जायचं नाही, तिचं फर्डं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. पोरगी सोबत असली की मडमा भाव पाडत नसत.

त्यातल्या एका मडमेचा नवरा बँकेत होता. इथं येण्याआधी ती युरोपातल्या देशोदेशी फिरून मुलांची वसतिगृहं तपासायची. मोठ्यांना बाहेर काढून, दार लावून एकेका मुलाला विचारायची, तुला इथं यायचं होतं का, कुणी मारतं का. मग प्रत्येक देशाचा अहवाल लिहायची. मी एसी उघडून बसलो होतो आणि मुलगी तिचं बोलणं मला मराठीत सांगत होती.

"पप्पा, मूल नाही म्हणालं तर मोठ्यांना रीझन लिहून द्यावं लागतं. साइन करून."

"त्यांच्याकडं पोरं कमी आणि कागद जास्त. तू फिल्टर बदलायचं सांग."

तिनं फिल्टरचं सांगितलं नाही. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मग मडम माझ्यापुढं आली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तिला इंडियाला जायचं नाही. तुम्ही तिला विचारलंत?"

जूनमध्ये मी मुलीला औरंगाबादच्या वसतिगृहात ठेवणार होतो. मी स्वतः सातव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलो. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आज गावच्या वीटभट्टीवर असतो. हे त्या बाईला ऐकवण्याइतकं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. जिच्याकडं होतं ती मान खाली घालून उभी होती. मी पाना आपटला, फरशीचा टवका उडाला. "यल्ला," म्हणत मुलीला दंडाला धरून बाहेर काढलं. त्या घराचं काम कायमचं गेलं.

रात्री बायको म्हणाली, "लहान आहे हो. यंदाचं वर्ष राहू द्या."

"तू मध्ये पडू नकोस."

मग मुलगी माझं स्लिपबुक घेऊन आली. काम झालं की स्लिपवर गिऱ्हाइकाची सही घ्यायची, सही नाही तर काम झालंच नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. तिनं लिहिलं होतं, एक वर्ष जाईन, मग मला विचारायचं.

"साइन करा, पप्पा."

"दोन वर्षं," मी सवयीनं म्हणालो.

"एक."

"बरं, एक."

मी पूर्ण नावानिशी सही केली. माझ्या मनात ठरलं होतं ते दहावीपर्यंतचं. भाव जिंकल्यासारखी ती हसली. मी हसू दिलं.

वर्षानं सुट्टीवर गेलो तेव्हा वसतिगृहाच्या ऑफिसात ती समोर आली. वाळली होती, उवा झाल्या म्हणून केस बारीक कापले होते. कंपासपेटीतून तिनं स्लिप काढली.

"वर्ष झालं. आता विचारा."

मी स्लिप उजेडाकडं धरली. "शिक्का कुठंय यावर? शिक्का नसला तर स्लिपला किंमत नसते. एवढी फिरलीस माझ्याबरोबर, एवढंही शिकली नाहीस?"

रेक्टरबाई हसल्या. मीही हसलो. मुलीनं स्लिप परत घेतली, होती त्याच घडीवर दुमडली आणि म्हणाली, "ओके."

दहावीला ती वसतिगृहात पहिली आली. म्हणजे माझंच खरं ठरलं. त्या मडमेला मात्र मी अजून शिव्या देतो. तिनं हे विचारण्याचं खूळ घातलं नसतं, तर पोरगी महिनाभर रडून मोकळी झाली असती, माझ्यासारखी. वसतिगृहात ती एकदाही रडली नाही, असं रेक्टरबाई कौतुकानं सांगतात.

दर सुट्टीला निघताना मी फोनवर विचारायचो, काय आणू तुला?

"मफी," ती म्हणायची. काही नाही. बहारीनचा तेवढा एकच शब्द तिनं ठेवला होता.