चेअरमनच्या जीपचा मातकट पट्टा

"लाल मार. एकदम भडक. गाडी वेशीपासून दिसली पायजे."

चेअरमनसाहेब फोनवर बोलत होते आणि मी शेडमध्ये उभा राहून "हो साहेब, हो साहेब" करत होतो. समोर त्यांची जीप उभी होती. पुढची काच फुटलेली, बॉनेटवर दगडांचे पोचे. शेजारी त्यांचा ड्रायव्हर भीमा. त्याच्या भुवईवर टाके होते.

मी गाड्यांना रंग देतो. बीडच्या बाहेर, साखर कारखान्याच्या जागेत माझं पत्र्याचं शेड आहे. कारखाना सहकारी, म्हणजे कागदावर सगळ्या सभासदांचा. पण जागा कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची हे चेअरमन एकटेच ठरवायचे. शेड गेलं तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. त्यामुळे मी त्यांना घाबरायचो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या भागात त्यांना न घाबरणारी माणसं फार नव्हती.

पोचे काढणं, काच बसवणं हे रोजचं काम. अवघड होतं ते ॲक्सेंटचं. ॲक्सेंट म्हणजे कंपनीचा मूळ रंग तसाच ठेवायचा आणि बंपर, चाकांच्या रिम, आरसे, बॉनेटवरचा पट्टा एवढ्यालाच दुसरा रंग द्यायचा. सगळी गाडी दुसऱ्या रंगाची केली तर आरटीओत जाऊन आरसी बुकात नोंद करावी लागते. ॲक्सेंटला ती कटकट नाही. ही जीप कंपनीतून गर्द हिरव्या रंगात आली होती. हिरव्याशेजारी लाल ठेवला की दोन्ही रंग उठून दिसतात. पिकलेली मिरची झाडावर लांबून दिसते, ती त्यामुळेच. म्हणजे साहेबांची निवड रंगकामाच्या हिशेबानं अगदी बरोबर होती.

फोन बंद झाल्यावर भीमा जवळ आला.

"काका, लाल नका मारू."

"कावून रे? साहेबांनीच सांगितलंय."

"साहेब कुठं बसत्यात गाडीत? दगड आला त्या दिवसापासून एकदा बी बसले न्हाईत. मला एकट्याला पाठवत्यात. चेअरमनची गाडी फिरतीय हे लोकाला दिसलं पायजे म्हणत्यात."

दगडाची गोष्ट मी ऐकली होती. लागोपाठ दुसरा दुष्काळ. ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचं गाळप बंद. त्यातच साहेबांनी आवारातली चारा छावणी एका फटक्यात बंद केली आणि लोकांना जनावरं घरी न्यायला लावली. त्याच आठवड्यात जीप नारायणगडाच्या रस्त्याला एका गावातून चालली होती. टँकरभोवती बायामाणसं घागरी घेऊन उभी होती. तिथून पहिला दगड आला. साहेब मागच्या सीटवर खाली वाकले. भीमाला वाकता आलं नाही, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं.

"घरच्यांना पडलो म्हणून सांगितलंय," भीमा म्हणाला. "डॉक्टर म्हणले, जरा खाली लागला असता तर डोळा गेला असता. काका, गाडी दिसूच नये असा कायतरी रंग मारा. पाया पडतो."

एकाला गाडी वेशीपासून दिसायला हवी, दुसऱ्याला दिसायलाच नको. आणि मधे मी.

रंग ठरवायची माझी एक रीत आहे. पत्र्याच्या तुकड्यांवर गाडीचा मूळ रंग मारतो, त्यावर ॲक्सेंटचे पट्टे ओढतो आणि वरून रस्त्याची धूळ टाकून उन्हात ठेवतो. आमच्याकडे गाडी वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस धुळीतच असते. शोरूमच्या उजेडात पास झालेला रंग इथं कामाचा नाही. मी दोन तुकडे केले. एकावर चकचकीत लाल, दुसऱ्यावर मातकट तपकिरी, तोही मॅट, म्हणजे चमक नसलेला. धूळ टाकली. तरीही लाल दिसतच राहिला. तपकिरी मात्र हिरव्याला घेऊन मागच्या मातीत बुडाला.

"गाडी धुतो कवा?" मी सहज विचारलं.

"रोज. साहेबांचा नियम हाय. टँकर गावात जायच्या आधी बंगल्यावर थांबतो, तवाच धुऊन घेतो."

दगड कशामुळे आला ते मला तेव्हा कळलं. जिथं प्यायला पाणी नव्हतं तिथं ही जीप रोज धुतलेली, निथळती जात होती.

मी तपकिरी मारला. बॉनेटचा पट्टा पहिल्यांदा वाकडा गेला. तो घासून काढून पुन्हा मारला.

रंग वाळल्यावर गाडी न धुताच ट्रायलला निघालो. भीमानं गाडी नारायणगडाच्या रस्त्याला घातली.

"दुसरा रस्ता न्हाई का रे?"

"हाय. पर मला रोज हितनंच जायचंय, काका."

गावात टँकर उभाच होता. मी काच वर करायला लागलो.

"खाली राहू द्या," भीमा हळूच म्हणाला. "बंद काच बघून लोक जास्तच बघत्यात."

एक बाई रस्त्यावर घागर ठेवून उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं. तिनं पायानं घागर बाजूला सरकवली, गाडीला वाट दिली आणि पुन्हा टँकरच्या पाइपाकडे तोंड केलं. बाकी कुणी वळूनही बघितलं नाही. गाव मागं पडल्यावर भीमानं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बराच वेळ बसून राहिला.

खरी भीती बंगल्यावर होती. साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली.

"लाल कुठंय बे, पेंटर?"

"साहेब, लाल कॉलेजची पोरं मारत्यात मोटारसायकलला. ह्यो मिलिटरीतल्या ऑफिसरच्या गाडीचा रंग हाय."

पुसलेली गाडी पोर्चच्या सावलीत भारदस्त दिसत होती. साहेबांनी मान डोलावली. मी लगेच पुढचं सांगून टाकलं.

"एकच हाय साहेब. मॅट रंग रोज धुवायचा न्हाई. पाण्याचे डाग पडत्यात, ते निघत न्हाईत. नुसत्या फडक्यानं पुसायची."

हे अर्धं खरं होतं. डाग पडतात, पण आमच्या बोरच्या खारट पाण्याचे. टँकरचं पाणी धरणाचं, गोडं होतं.

काही दिवस बरे गेले. मग बोलावणं आलं. साहेब पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. भीमा जीपजवळ उभा होता.

"काल मी सवता गाडीत बसून गेलतो," साहेब म्हणाले. "पारावर माणसं बसलेली. गाडी त्यांच्या पुढून गेली. एक माणूस उठला न्हाई. एकानं रामराम घातला न्हाई. आजच्या आज लाल मार. न्हाईतर शेड रिकामं कर."

"हो साहेब" एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलंही. पण मग भीमाच्या भुवईकडे लक्ष गेलं आणि तोंडातून पुढचं निघून गेलं.

"मारतो साहेब. पर रंग मारल्यावर ट्रायल घ्यावी लागती. दगड आला त्याच गावातून, टँकर यायच्या टायमाला. ह्या वेळी स्टिअरिंगवर तुमी बसा. भीमा मागं बसंल."

आता शेडही गेलं आणि मीही गेलो, असं मला वाटलं. साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भीमाकडे. त्याच्या टाक्यांच्या व्रणावर त्यांची नजर थांबली.

"जा तू," ते म्हणाले.

शेडवर येऊन मी कंप्रेसर आणि स्प्रेगन बांधून ठेवली. रोज कारखान्याचा माणूस नोटीस घेऊन येईल म्हणून वाट बघायचो. रस्त्यावर गाडी थांबली की उठून बाहेर बघायचो. नोटीस आली नाही. जीपही लाल रंगासाठी आली नाही.

पुढं एकदा भीमा रिमचा उडालेला रंग भरून घ्यायला आला. जीप धुळीनं माखली होती.

"साहेब काय म्हणले?" मी घाबरतच विचारलं.

"काय बी न्हाई. टँकर बंगल्यावर थांबवू नका म्हणले. गाडीला डाग पडत्यात म्हणले."

शेड अजून तिथंच आहे. साहेबांचा फोन आला की मी अजूनही उभा राहूनच बोलतो. पण ॲक्सेंटचं काम आलं की मालकाला आवडता रंग विचारायच्या आधी एवढं विचारून घेतो, की गाडी चालवणार कोण.