चाचांच्या चौकटीतला खिळा

आरी विकत घ्यायला आलेल्या माणसाला चाचा एकच प्रश्न विचारत. "चुल्याचं तोंड केवढं हाय?" झाड केवढं, बाभूळ की निंब, मशीन पेट्रोलची की लाइटीवरची, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. समोरचा गोंधळला की ते पुन्हा हातातल्या कानशीकडे वळत आणि त्याचा गोंधळ संपेपर्यंत मान वर करत नसत. परतवाड्यात लाकूड कापायच्या आरामशीनच्या रांगेत शेवटचं दुकान त्यांचं. पुढे एक बाकडं, आत आऱ्या आणि मशीन, आणि मधोमध लुंगी नेसून बसलेले चाचा. या माणसाने माझा केलेला अपमान मी आजही विसरलेलो नाही. हे लिहितोय तेही त्याच हिशेबाने.

एकतीस वर्षं विज्ञान शिकवून मी रिटायर झालो, त्या हिवाळ्यात आमच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, जुनी बाभूळ वाऱ्याने आडवी झाली. घरात गॅस आहे, गिझर आहे. पण आंघोळीचं पाणी मागच्या अंगणातल्या चुल्यावरच तापलं पाहिजे, असा आमच्या सौभाग्यवतींचा कायदा आहे. लाकूड फोडणारा माणूस मिळेना. मग मी आठ दिवस मोबाइलवर चेनच्या आरीचे व्हिडिओ पाहिले आणि त्या विषयातला जाणकार झालो. नवव्या दिवशी चाचांच्या दुकानात जाऊन मी इंजिनची ताकद, पट्टीची लांबी आणि चेनचा वेग यांवर दहा मिनिटं बोललो. पस्तीस मिनिटांचा तास घ्यायची सवय, म्हणजे तसं थोडक्यातच.

चाचांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा तो प्रश्न विचारला. ज्या चुल्यावरचं पाणी मी रोज अंगावर घेत होतो, त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. चाचांनी गुंडीतली हातभर सुतळी कापली आणि माझ्या हातात दिली.

"आधी हे मोजून आना, मास्तर. चुल्यात झाड नाई जात, लाकूड जाते. तुमी त मेळघाट तोडाले निघाल्यावानी बोलून राहिले!"

बाकडं हसलं. सगळ्यात मोठ्याने हसला तो गजानन. समोरच चहाची टपरी चालवणारा, एके काळी आठवीत माझ्यासमोर बसणारा, आणि मी दिलेल्या वाढीव मार्कांवर नववीत गेलेला गजानन. मी सुतळी खिशात कोंबली आणि पायऱ्या उतरतानाच ठरवलं: याच बाकड्यावरच्या याच लोकांसमोर चाचांच्या तोंडून "मास्तर, माझं चुकलं" एवढे तीन शब्द वदवून घ्यायचे. त्याशिवाय माझं नाव लावणार नाही.

पहिला सूड मी रोखीने घेतला. अमरावतीला जाऊन बावीस इंची पट्टीची, दुकानातली सगळ्यात मोठी मशीन उचलली. एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो तर शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. घरी न जाता मी थेट चाचांच्या बाकड्यासमोर खोकं उघडलं. चाचांनी मशीन उचलली, वजन पाहिलं, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"झकास हाय," ते म्हणाले. मी छाती पुढे काढली. "आता हिले चालवनारा कवा घेता?"

गजाननाच्या हातातला चहा सांडला. मीही मनात नोंद केली. आता दोन अपमान झाले होते.

दुसरा सूड कामातून घ्यायचा होता. बाभूळ तोडून, लाकडाची थप्पी रचून, तिचा फोटो बाकड्यावर फिरवायचा. धुऱ्यावरच्या बाभळीवर मी मशीन टेकवली. आवाज भयंकर झाला, धूर निघाला, जळकट वास सुटला, आणि बाभळीवर जळका पट्टा उमटण्यापलीकडे काही झालं नाही. अर्ध्या तासाने बायको डबा घेऊन शेतात आली.

"अजी, लाकूड कापून राहिले का मच्छर पळवून राहिले?"

आता चाचांना विचारणं म्हणजे शरणागती. मी बायकोच्या फोनवरून, आवाज जाड करून, चिखलदऱ्याचा एक गृहस्थ म्हणून त्यांना फोन लावला. मशीन नवीन आहे, कापत नाही, नुसता धूर येतो, असं सांगितलं.

"चेन उलटी लावली," चाचा म्हणाले. "दाताची धार पट्टीच्या टोकाकडं पाह्यजे. आन मास्तर, आवाज बदलवू नका. खोकला येईन."

चेन सुलटी केल्यावर मशीन लोण्यातून फिरावी तशी फिरली. सात तुकडे पडले. मी स्वतःशी गाणं म्हणू लागलो होतो. आठव्याला ठिणगी उडाली, मशीन किंचाळली आणि चेनचे दात बत्तीशी पडावी तसे पडले. लाकडात खिळा होता.

हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे जुन्या काळी कुणाला झटके आले, कुणाचा ताप हटेना, की लोक गावाबाहेरच्या एखाद्या बाभळीला खिळा ठोकत. पीडा झाडात खिळून टाकली, अशी समजूत. आमची बाभूळ त्या कामासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. झाड वाढत जाई आणि खिळा पोटात घेई. या अंधश्रद्धेवर मी वर्गात पोटतिडकीने बोलत असे. फक्त बोलत असे असं नाही. नोकरीच्या सुरुवातीला एकदा मी आख्खा आठवीचा वर्ग धुऱ्यावर नेला होता, बाक दुरुस्तीचा एक रुंद टोपीचा खिळा सगळ्यांसमोर त्याच बाभळीला ठोकला होता आणि म्हणालो होतो, "पाहा, मी ठोकला. झालं काही?" त्या दिवशी काही झालं नव्हतं, हे खरं आहे.

फुटक्या दातांची चेन हातात घेऊन बसलो असताना माझ्या डोक्यात तो विचार आला. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. उरलेल्या एका ओंडक्याच्या कापल्या तोंडावर निळसर काळा डाग होता. बाभळीत लोखंड मुरलं की शाई तयार होते, हे मी मुलांना शिकवलेलं. म्हणजे डागाच्या मागे वीतभर अंतरावर खिळा असणार. हा ओंडका चाचांनी सगळ्यांसमोर कापावा. त्यांचीही चेन तुटावी. मग मी विचारीन, "काय चाचा, चालवणारा कधी घेता?"

डाग दिसू नये म्हणून मी त्या तोंडाला धुऱ्यावरची काळी माती नीट थापली. ओंडका ऑटोत टाकला आणि दुकानात नेला. बाकडं भरलेलं पाहून आणखी बरं वाटलं.

"चाचा, माझी चेन धारेला आलीय. एवढं कापून द्या ना."

चाचा उठले. ओंडक्याभोवती एक फेरी मारली, कानशीच्या मुठीने दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, मातीच्या तोंडापाशी थोडं थांबले. ओंडका लाकूड धरायच्या घोडीवर चढवला. त्यांची स्वतःची मशीन लहानशी, मुठीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली. दोरी ओढली, मशीन सुरू झाली आणि पट्टी बरोबर त्या जागेवर उतरू लागली.

व्हिडिओंमध्ये मी एक गोष्ट पाहिली होती आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. चेन तुटली की ती सुटून चाबकासारखी येते. चाचांच्या अंगात एक विरलेला सदरा होता. डोळ्यांवर काच नव्हती, हातात मोजे नव्हते. भुसा उडू लागला. आधी पिवळा. मग त्यात काळं दिसू लागलं. माझी नजर त्यांच्या गळ्यावर खिळली. म्हातारा, शिरा वर आलेला, आपल्याच कामात वाकलेला गळा.

"थांबा चाचा! थांबा! खिळा आहे त्याच्यात!"

चाचांनी मशीन बंद केली.

"मालूम हाय," चाचा म्हणाले. "एकाच तोंडाले माती कशी लागन, मास्तर? लाकूड काय फराळ करून आलं? मी त दोन बोटं आधी थांबनारच होतो. तुमी कवा बोंबलता, तेवढं पाहून राहिलो होतो." मग कपाळ पुसत म्हणाले, "लय वेळ लावला राजेहो."

त्यांनी पाचर मारून ओंडका उभा फोडला, पकडीने खिळा ओढला आणि तळहातावर घेतला. टोपी रुंद होती. मी ती ओळखली आणि चेहरा निर्विकार ठेवला. गजाननाने मात्र माझ्या आधीच तोंड उघडलं.

"सर! हा त तुमचा खिळा हाय! आमी आठवीत होतो. तुमी म्हनले होते, पाहा, झालं काही?"

पुढचं हसणं पार वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी मला शिक्षा सुनावली. पंधरा दिवस रोज सकाळी याच बाकड्यावर बसून माझी चेन मीच घासायची. फुटके दात काढून नवे बसवून ते देतील, धार मी लावायची. एका दाताला कानशीचे पाच घास, चार नाही आणि सहा नाही. एक दात जास्त घासला तर चेन एका बाजूला पळते, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत. माझे जुने विद्यार्थी चहा पिता पिता पाहत. चाचा मान न उचलता ऐकवत, "दुश्मनी करा मास्तर, पन धार लावून करा. बोथट दुश्मनी आपल्याच मांडीवर येते."

पंधराव्या दिवशी त्यांनी चेनवरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि म्हणाले, "आता तरी जा आन चुला मोजून आना."

मी खिशातून सुतळी काढली. तिला गाठ मारलेली होती. पहिल्या अपमानाच्या दिवशीच, बायको भजनाला गेल्यावर, मी अंगणात वाकून चुल्याचं तोंड मोजलं होतं. तेव्हापासून ती सुतळी खिशात घेऊन फिरत होतो. अमरावतीलाही तिला घेऊनच गेलो होतो.

चाचांनी गाठीपर्यंत बोटं मोजली. नऊ भरली. "मंग बोलले काहून नाई?"

"तुम्ही पुन्हा विचारलं नाही."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते. त्यांनी माझी बावीस इंची मशीन एका आरामशीनवाल्याला खपवून दिली आणि मला दीड वीत पट्टीची हलकी मशीन दिली. चुल्यात जाईल एवढं लाकूड ती आजही कापते आहे. पाणी तापतं. "मास्तर, माझं चुकलं" हे मात्र ऐकायचं राहून गेलं.

उलट खरा सूड त्यांनीच घेतला. तो खिळा त्यांनी दुकानाच्या दाराच्या चौकटीत ठोकला आणि सुतळीची गुंडी त्यावर अडकवली. नवीन गिऱ्हाइकाला सुतळी द्यायला उठले की खिळ्याची गोष्ट सुरू होई, आणि त्यात माझं नाव, माझी शाळा, माझा विषय, काही म्हणजे काही गाळलेलं नसे. धारणीची, चांदूरबाजारची माणसं मला रस्त्यात थांबवून विचारू लागली, "खिळेवाले मास्तर तुमीच का?" मी मनाशी ठरवलं होतं, एक दिवस तो खिळा उपटायचा.

पुढे चाचांना कानशीखालचा दात दिसेना. साखरेने डोळे गेले. मुलीने त्यांना अकोल्याला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी मी बाकड्यावर गेलो आणि म्हणालो, "चाचा, आता तरी एकदा म्हणा. मास्तर, माझं चुकलं."

"कोन्त्या बाबतीत?"

मी बराच विचार केला. एकही बाब सापडली नाही.

"खिळ्यावर नजर हाय तुमची," ते म्हणाले. "तेवढं अजून दिसते मले."

यंदा संक्रांतीनंतर अकोल्याहून फोन आला. मी गेलो, कबरस्तानात मूठभर माती देऊन आलो. परतीच्या एसटीत मनात एकच गोष्ट होती. दुसऱ्याच आठवड्यात मी पकड घेऊन दुकानात गेलो. आता दुकान त्यांचा मुलगा चालवतो. तो कानस घासत बसला होता. मी त्याला न विचारता सुतळीची गुंडी उतरवली, खिळ्याची टोपी पकडीत धरली आणि ओढली. खिळा हलला नाही. पाय चौकटीला लावून ओढला. पकड घसरली आणि मी बाकड्यावर बसलो.

"सर," मुलगा मान न उचलता म्हणाला, अगदी बापासारखा, "मागून पाहा."

मी चौकटीच्या मागे वाकून पाहिलं. खिळ्याचं टोक आरपार काढून, वाकवून, लाकडात सपाट ठोकून बसवलं होतं.

"अब्बा अकोल्याले जायच्या आदल्या दिवशी करून गेले. दिसत नव्हतं, हातानं चाचपून ठोकत होते. म्हने, मास्तर पकड घेऊन येतीन."

मी गुंडी पुन्हा खिळ्यावर अडकवली. हरलो असं समजू नये. तो खिळा निघणारच. त्यासाठी आता लोखंड कापायची आरी लागेल. फक्त ती कोणती घ्यावी, हे विचारायला परतवाड्यात आता कुणी उरलेलं नाही.