सोमवारचा थापाड्या

पास्को हेंडी आयुष्यात कधी खरं बोललाच नाही, असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. ‘भूक लागली’ असं तो रोज सकाळी म्हणायचा आणि ते खरंच असायचं. बाकी थापा मारण्यात मात्र इंग्लंडच्या अख्ख्या फॉय बंदरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फ्रान्सच्या कुठल्याशा सरदारणीने त्याला खिडकीतून हात केला होता, आणि एकदा तर म्हणे त्याच्या जाळ्यात मासे सोडून एक बिशप सापडला होता. लोक ऐकायचे, हसायचे आणि वर बिअर पाजायचे.

‘मार्टलेट’ या लढाऊ गलबतावर मात्र ही कला त्याला महागात पडत होती. इंग्रज गलबतांवर तेव्हा एक रीत होती. सोमवारी सकाळी जो कुणी पहिल्यांदा खोटं बोलताना सापडेल त्याच्या नावाने सगळ्यांनी मोठ्या डोलकाठीपाशी ‘थापाड्या! थापाड्या! थापाड्या!’ असा गजर करायचा, आणि मग आठवडाभर नाळेवरची, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावरची हागणदारी त्याने धुवायची. पास्को भरती झाल्यापासून तिथला मान दुसऱ्या कुणाला फारसा मिळालाच नव्हता.

त्याच्या थापांना बळी पडलेला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे त्याचा मेव्हणा पेट्रॉक. बहिणीचा, टॅम्सिनचा नवरा. अबोल, रुंद खांद्यांचा, तारल्या पकडून सुखाने जगणारा. ‘आरमारात रोज भाजलेलं मटण देतात’ असं सांगून पास्कोने त्याला भरतीच्या रांगेत उभं केलं. तिथे मिळाली आळ्या पडलेली बिस्किटं आणि आंबलेली बिअर. पेट्रॉक एकदा नुसतं म्हणाला, “मटण कुठंय रे?” आणि मग मुकाट्याने तोफ शिकला. इतकी चांगली शिकला की एक तोफ आणि तिची माणसं त्याच्या हाताखाली दिली गेली.

निघताना टॅम्सिन धक्क्यावर आली होती. हात तारल्यांच्या खवल्यांनी चमकत होते. “पास्को,” ती म्हणाली, “पेट्रॉक जेवढे हातपाय घेऊन जातोय तेवढे परत आण त्याचे. नाहीतर तू पण येऊ नकोस.”

“अगं, मी आहे ना!”

“म्हणूनच सांगतेय.”

इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराच्या मागे मागे इंग्लिश खाडी पालथी घातली, आणि मग तो सोमवार उजाडला. आदल्या रात्री पेटती गलबतं सोडून इंग्रजांनी शत्रूला नांगरांचे दोर तोडून पळायला लावलं होतं. सकाळी फ्लँडर्सच्या वाळूच्या पट्ट्यांपाशी त्यांची जहाजं कळप फुटल्यासारखी पांगलेली दिसली. कॅप्टन अँब्रोज कारविदेन यांच्या हुकमतीत चार गलबतं होती. ‘मार्टलेट’ त्यांचं स्वतःचं. त्यांनी सगळ्यांना डोलकाठीपाशी बोलावलं. माणूस बारका, आवाज मोठा.

“दुरून दगड मारायचे दिवस संपले,” ते म्हणाले. “आज इतकं जवळ जायचं, की त्यांच्या दाढीचे केस मोजता आले पाहिजेत. मारा, आणि हात आखडू नका. खाली कोठारात बारूद इतकी आहे की अंधार पडेपर्यंत मारलंत तरी उरेल.”

आता गंमत अशी, की घाणेरडी कामं पास्कोच्या वाट्याला यायची, म्हणून शनिवारी बारूदखाना त्यानेच झाडला होता. पिंपं ठोकून पाहिली तर बहुतेक ढोलासारखी वाजत होती. त्यातून वार सोमवार. सकाळपासून सगळे धास्तीने तोंड मिटून बसलेले. हागणदारीतून सुटायची अशी संधी पुन्हा कुठली? पास्कोची जीभ त्याच्या अकलेच्या आधी निघाली.

“थापाड्या!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पुढचे दोन ‘थापाड्या’ शे-दीडशे माणसांनी सवयीने ओरडून टाकले. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं, की आपण कुणाला ओरडलो.

खलाशांवरचा मुकादम, सारंग, पुढे झाला. “साहेब, टांगू का याला?”

“लढाईनंतर,” कॅप्टनसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “आत्ता मला माणसं हवीत. असलीसुद्धा. हेंडी, नाळेवर चालता हो.”

जिन्यापाशी पेट्रॉकने त्याची गचांडी धरली. “काय केलंस हे?”

“गंमत रे!”

“कोठार रिकामं आहे हे गोलंदाजांना सांगतात? लढायला जाताना?”

“पण खरंच रिकामं आहे.”

“तेच तर!” पेट्रॉकने त्याला ढकललं आणि तो खाली तोफांकडे गेला.

कॅप्टनसाहेब मात्र शब्दाला जागले. एका उंच स्पॅनिश गॅलियनच्या, म्हणजे भल्यामोठ्या लढाऊ जहाजाच्या, इतक्या जवळ त्यांनी ‘मार्टलेट’ नेलं, की तिथल्या पाद्र्याची प्रार्थना ऐकू येत होती. पहिली सरबत्ती झाली. नाळेवरून पास्कोला गोळे जाताना आणि लागताना दिसले. भिकाऱ्याने दार ठोठावावं तसे ते गॅलियनच्या कुशीवर टक् टक् लागले आणि पाण्यात पडले. एकही आत शिरला नाही.

हे कशामुळे, ते पास्कोशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार! खाली प्रत्येक तोफेवरचा माणूस बारुदीची पळी अर्धीच भरत होता. दुसऱ्यांनी उडवावी, आपण थोडी शेवटासाठी राखावी, हा प्रत्येकाचा विचार. हात आखडू नका असं कॅप्टन सांगत होते, पण सोमवारच्या थापाड्याचं कोण ऐकतो?

गॅलियनवर हे लगेच ओळखलं गेलं. ती वळली आणि अंगावर येऊ लागली. वरच्या मचाणांवरून बंदुका सुरू झाल्या. सुकाणूवरच्या माणसाचा जबडा उडाला. तो दोन्ही हातांनी तोंड शोधत खाली बसला. त्याच्या जागी गेलेला पोटात गोळी लागून त्याच्यावरच पडला. साखळीने जोडलेला दुहेरी गोळा आला आणि तीन माणसं कमरेतून तोडून समुद्रात घेऊन गेला. पाय मात्र तिथेच राहिले. फळ्या रक्ताने इतक्या निसरड्या झाल्या, की सारंग वाळू टाकायला धावला आणि घसरून पडला. तो पुन्हा उठलाच नाही. कॅप्टनसाहेबांच्या डाव्या हाताचं कोपराखाली मांस लोंबत होतं. ते उजव्या हाताने कमरपट्टा त्याच्याभोवती आवळत होते आणि ओरडत होते, “पूर्ण पळी! भडव्यांनो, पूर्ण पळी!”

समोर गॅलियनच्या कठड्यावर शिपाई दाटीवाटीने उभे होते. हातात आकडे लावलेले दोर, तोंडात सुऱ्या. एकदा का ते आकडे अडकले, की ‘मार्टलेट’वर कोंबड्या कापाव्यात तशी कापाकापी होणार होती.

पास्को खाली धावला. तोफांच्या मजल्यावर धूर इतका, की माणसं खोकण्यावरून ओळखायची. “पेट्रॉक! गोळे आत शिरत नाहीयेत! पूर्ण भर!”

“आणि मग? संपल्यावर काय, तुझी हागणदारी फेकून मारू?” पेट्रॉकच्या तोफेवरचा जॅन बोलला.

“मी डोळ्यांनी बघितलंय!”

“तू बिशप पण बघितलायस जाळ्यात.”

अर्धी पळी आत गेली. पास्कोने त्या पळीकडे बघितलं, मेव्हण्याच्या काळ्या पडलेल्या मानेकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “अरे, डोव्हरची बारूदहोडी आलीय! नाळेखाली लागलीय. मी स्वतः दोर बांधून आलोय!”

माणसं थांबली. त्यांना विश्वास ठेवायचा होता. चेहऱ्यांवर दिसत होतं. पण सांगणारा पास्को. जॅन म्हणाला, “थापाड्या.”

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. कॅप्टनसाहेब अर्धे उतरले होते, हात पट्ट्यात, बाही रक्ताने जड. त्यांनी पास्कोकडे बघितलं. पास्कोने त्यांच्याकडे.

“आलीय,” ते म्हणाले. “बारा पिंपं. मीच उतरवून घेतोय. हेंडी, चल, दोर सांभाळ!”

नाळेवर जाऊन पास्कोने नसलेल्या होडीकडे खरोखरचा दोर सोडला आणि खरोखरच ओढू लागला.

मग सरबत्ती झाली ती पूर्ण पळ्यांची. गॅलियनची कूस खिडक्या फुटाव्यात तशी आत गेली. कठड्यावरचे शिपाई होते तिथून नाहीसे झाले आणि त्यांचे तुकडे शिडांवर जाऊन चिकटले. दुसऱ्या सरबत्तीने मधली डोलकाठी माणसांसकट आडवी पडली. तिसरीनंतर गॅलियनच्या पाणी जायच्या भोकांतून रक्त वाहायला लागलं. एवढ्या जवळून वाससुद्धा येत होता. समोर कुणीतरी एकाच सुरात आईला हाका मारत होतं, आणि इकडे इंग्रज खलाशी हसत होते. पास्कोही हसला. जमलं, त्याला वाटलं. वाचला पेट्रॉक.

खाली पेट्रॉक खूश होता. जॅनने नंतर सांगितलं, इतका बोलका तो कधीच झाला नव्हता. तोफ हाताला चटके देण्याइतकी तापली होती. जॅन म्हणाला, थोडी निवू दे. तर पेट्रॉक म्हणाला, “आता कसली कंजुषी? होडी आलीय!” आणि त्याने पळी शिगोशीग भरली.

नाळेवर पास्कोच्या पायांखालच्या फळ्या उचलल्या गेल्या. तो आवाज शत्रूचा नव्हता. तो खाली पोचला तेव्हा तोफेचा मागचा भाग जागेवर नव्हता आणि पेट्रॉकही नव्हता. म्हणजे होता, पण गोळा करायला लागला असता. छताला एक हात चिकटला होता आणि त्याच्या मुठीत पळीचा दांडा होता.

गॅलियन वाळूच्या दिशेने फरफटत निघून गेली. आता ‘मार्टलेट’वर खरोखरच चिमूटभरही बारूद उरली नव्हती. कॅप्टनसाहेबांनी तोफांच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या, तोफांची तोंडं बाहेर काढून ठेवली, आणि रिकाम्या गलबताने ते शत्रूच्या मागे उत्तरेकडे दिवसेंदिवस हुंदडत राहिले. स्पॅनिश पुढे पळत होते. मागून पाठलाग करणाऱ्याच्या हातात काठीसुद्धा नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

होडी आलीच नव्हती, हे गलबतावर संध्याकाळीच कळलं. जॅनचं अर्धं तोंड भाजलेलं होतं. त्याने पास्कोला डोलकाठीपाशी धरून मारलं. दात पडले, नाक फुटलं, बरगडी गेली. पास्कोने हात वर केला नाही. कॅप्टनसाहेब उभे राहून बघत होते, बऱ्याच वेळाने म्हणाले, “जॅन, पुरे. उरलेलं मला मार.” जॅनने त्यांच्याकडे बघितलं आणि तो निघून गेला.

बंदरावर उतरताना कॅप्टनसाहेबांनी पास्कोला बाजूला घेतलं. त्यांचा हात तोवर खांद्यापासून कापला होता. “बहिणीला सांग, शत्रूचा गोळा लागला. हा हुकूम समज.”

पास्को फॉयला गेला. टॅम्सिन तळघरात तारल्यांचे थर लावत होती. एक थर मासे, एक थर मीठ. तिने त्याच्या मागे दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मग तिने सुरी खाली ठेवली.

“कशाने?”

हुकूम त्याच्या जिभेवर तयार होता. “तोफ फुटली,” तो म्हणाला. “मी थाप मारली म्हणून त्याने जास्त भरली.” आणि डोलकाठीपासून पळीच्या दांड्यापर्यंत, कॅप्टनच्या हुकमासकट, सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं, मिठाचं लाकडी फावडं उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. जखमांत मीठ गेलं. तो कळवळून खाली बसला. तिने दुसऱ्यांदा उगारलं आणि विचारलं, “बाकीचे?”

“वाचले. निम्मे.”

तिने फावडं खाली टेकवलं. “त्याची आई वर बसलीय,” ती म्हणाली. “तिला हे सांगायचं नाही. कॅप्टनचं सांग. आणि नीट सांग. आयुष्यभर दुसरं काय केलंयस?”

म्हातारी चुलीपाशी बसली होती. पास्कोने सुजलेल्या तोंडाने सांगितलं, शत्रूचा गोळा, छातीत, एका क्षणात. म्हातारीने डोळे पुसले नाहीत. तिने विचारलं, “त्याआधी किती मारले माझ्या पोराने?”

“वीसेक असतील, मावशी.”

“बस? वीसच?”

पुढच्या रविवारी तिने पुन्हा बोलावलं. त्याच्याही पुढच्या रविवारी. आकडा थोडा वाढला नाही तर ती जेवायची नाही. पास्को कधी पन्नास सांगे, कधी कुणाचं मुंडकं कसं उडालं ते सांगे, आणि सांगताना त्याला समोर तो एकच हात दिसत राही. खाली तळघरात टॅम्सिनची सुरी चालायची. म्हातारी सात वर्षं जगली. ती गेली तेव्हा पेट्रॉकच्या हातून अख्खं स्पॅनिश आरमार बुडून झालं होतं, आणि पास्को पोर्तुगीजांकडे वळणार होता.