साठावर स्थिरावलेली रेघ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे जयपूरच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी केमिकल इंजिनीअरिंगच्या मुलांना प्रक्रिया-नियंत्रण शिकवतो. प्रयोग साधा. टाकीतलं पाणी साठ अंशांवर न्यायचं, तिथंच राखायचं, मिनिटामिनिटाला तापमान टिपून आलेख काढायचा. कंट्रोलर हीटर कमी-जास्त करतो आणि रेघ हळूहळू साठावर स्थिरावते.

त्या दिवशी तपासायला आलेल्या सगळ्या जर्नलांत ती स्थिरावली होती, एकीचं सोडून. तिची रेघ नुसती वर-खाली, वर-खाली. पोरगी मराठी, वडील फौजेत. माझ्याशी हट्टानं अडखळत मराठी बोलायची, आणि मला त्याचं फार कौतुक.

"हा काय घाट काढलायस?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"सर, मतलब... पाणी थांबतच नव्हतं. मी जे दिसलं ते लिहिलं."

"बाकीच्यांचं थांबलं, तुझ्याच पाण्याला काय धाड भरली?"

वर्ग हसला. मी पानभर लाल फुली मारली आणि उद्या पुन्हा करून आण म्हटलं. तिनं जर्नल छातीशी धरलं, डोळे भरले होते.

संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना कंट्रोलरकडे लक्ष गेलं. आदल्या आठवड्यात दुसऱ्या वर्गाला, कंट्रोलर उतावळा झाला की पाणी कसं हेलकावतं ते दाखवायला, मीच त्याचा गेन, म्हणजे हीटर किती जोरानं कमी-जास्त करायचा ते प्रमाण, वाढवला होता. खाली आणायला विसरलो. म्हणजे कुणाचंच पाणी स्थिरावणं शक्य नव्हतं! बाकी सगळ्यांनी सीनियरांच्या जुन्या जर्नलांतून आकडे उतरवले होते. ही इथली रीतच, आणि मला काय ती माहीत नव्हती? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेन खाली आणला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मानसरोवरला घरी जाताना मेट्रोत ठरवलं, उद्या वर्गासमोरच तिची माफी मागायची.

सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशीच उभी, मागे सगळा वर्ग. मी तोंड उघडायच्या आत तिनं जर्नल पुढे केलं. नवा आलेख. गुळगुळीत रेघ, बरोबर साठावर.

"आता बरोबर आलं ना, सर?"

किल्ली कालपासून माझ्याच खिशात होती. तरी मी माफी मागितलीच नाही. नेभळट कुठला! दहापैकी दहा दिले, सही केली, आणि मग कुलूप उघडलं.