तिसरा भाग

नायक चौथ्या मजल्यावरून धाडकन ट्रकच्या टपावर पडला, तेव्हा शेजारी बसलेली माझी ताई सवयीनं पुटपुटली, "खुबा गेला. मांडीचं हाड. दोन बरगड्या."

ताई इस्पितळात अपघात विभागात नर्स आहे. सुट्टी मिळाली की ती मला असल्या मारधाडीच्या सिनेमाला ओढून नेते. माझे कान किटतात. त्यातही तिला पहिला भाग चालत नाही, दुसरा-तिसराच हवा. "पुढचा भाग निघाला म्हणजे हा मरत नाही, एवढं तरी नक्की असतं," म्हणते.

नायक उठला, कोटावरची धूळ झटकून पळत सुटला. ताईनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, तिकीट याचंच तर असतं. इथे पडलेला माणूस लगेच उठतो, आणि त्याच्या घरच्यांना व्हरांड्यात गाठून कुणाला काही सांगावं लागत नाही.

मध्यंतरात तिला वॉर्डातून फोन आला. परांचीवरून पडलेले एक रंगारी तीन आठवडे तिच्याकडे होते. फोन ठेवून तिनं हातातला समोसा पुन्हा कागदात ठेवला.

"चार पावलं चालले," म्हणाली. "वॉकर धरून, पण चालले."

पुन्हा अंधार झाला. नायकानं हेलिकॉप्टरमधून उडी टाकली आणि दगडांवर आपटला. मी ताईकडे पाहिलं. तिनं एकही हाड मोजलं नाही. निवांत समोसा खात होती.