मिशीची डावी बाजू

समोर डोकं नसलं तरी त्याची कात्री हवेत चालूच असायची, म्हणून सगळे त्याला कचकच्या म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. दुकानात जी चाल वाजेल तिच्यावर त्याचा हात चाले. हात काही त्याला विचारून चालत नसे.

त्या दिवशी रेडिओ बिघडलेला. त्याचा मेहुणा जुन्या कॅसेटी विकायचा, त्याने त्यातलीच एक लावून दिली. खुर्चीत पोस्टमनकाका. उद्या त्यांचा निरोपसमारंभ, फोटो निघणार. काकांनी मिशी तळहाताच्या फोडासारखी जपलेली. कचकच्याशिवाय कुणाला ती हात लावू देत नसत.

कॅसेट सुरू झाली आणि कचकच्याने कान टवकारले. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा आवाज, पण एकही वाटाणा भलतीकडे पडत नव्हता.

"हे काय रे? तार की पेटी?"

"दोन्ही. हार्पसिकॉर्ड म्हणतात," मेहुणा म्हणाला. "पट्टी दाबली की आत पिसाचा काटा तार छेडतो. तीनशे वर्षांपूर्वीची चाल आहे, दाजी."

"आणि जोरात दाबली तर?"

"आवाज तेवढाच. हळू दाबली तरी तेवढाच."

"मग गडी रंगत कशी आणतो?"

कचकच्याला काही चैन पडेना. उजवी मिशी झाली तेव्हा कॅसेटवरचा पहिला तुकडा भरधाव होता. डावीला आला तर दुसरा लागलेला, संथ. वाजवणारा मध्येच थबके, कात्रीही थबके.

"थांबण्यात आहे होय सगळं," तो पुटपुटला.

काकांनी आरशात पाहिलं. उजवी मिशी झिजलेल्या ब्रशाएवढी, डावी अजून झुपकेदार.

"उद्या अर्धाच फोटो काढायला सांगू काय रे? समोरच्या दुकानात गेलो असतो तर पुरती तरी भादरली असती."

कचकच्याने डावीला कात्री लावली, पण संथ चालीवर हात जडच. "कॅसेट मागे घे," तो मेहुण्यावर खेकसला. "पहिला तुकडा लाव."

"दाजी, आता ऐकायचं सुचतंय?"

"ती बाजू ज्या चालीवर झाली, त्याच चालीवर ही व्हायची. लाव."

भरधाव तुकडा पुन्हा सुटला, कात्रीही सुटली. काकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मिशी होती त्याच्या निम्मी, पण दोन्हीकडे सारखी.

काकांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "बारीक झाली."

"झाली, काका."

"सारखी आहे मात्र."

कचकच्याचं लक्षच नव्हतं. कात्री हवेत तशीच धरून तो म्हणाला, "अरे, हा पळतानाही थांबतो की. आत्ता थांबला बघा, केसभर."

"कुठे? मला नाही कळलं." काका पुन्हा खुर्चीत रेलले. "परत लावायला सांग त्याला. आणि ती कात्री आधी खाली ठेव."